डावा पीळ, उजवा पीळ

माणिकरावांविषयी मला फार थोडं माहीत आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. त्यांचं मूळ गाव चारठाण्याच्या अलीकडचं की पलीकडचं, ते मला नक्की सांगता येणार नाही. त्यांना गोड आवडायचं की नाही, तेही माहीत नाही. माझ्याकडचा चहा बिनसाखरेचा असतो. तो ते काही न बोलता प्यायचे, पण तेवढ्यावरून काय ठरवणार? त्यांच्या तेराव्याला लोक त्यांच्या बैलांविषयी बोलले, ऊसतोडीच्या दिवसांविषयी बोलले. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होतो. मला जे माहीत होतं ते कुणाच्याच बोलण्यात आलं नाही, आणि उठून उभं राहून बोलणं मला या जन्मात जमलेलं नाही. म्हणून लिहायला बसलो. लिहिण्याचीही सवय नाहीच. काही चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

मी जिंतूरच्या एस.टी. आगारात वाहतूक नियंत्रक होतो. स्थानकावरच्या भोंग्यातून गाड्या पुकारायचं काम वर्षानुवर्षं केलं. समोर माणूस असला की माझी जीभ अडते, पण भोंग्यावर बोलताना कुणी दिसत नाही, म्हणून नोकरी निभावली. आता घरात मी एकटाच असतो. घराच्या मागच्या बाजूला एक पडवी आहे. तिथं एक लोखंडी पलंग, जुनी वर्तमानपत्रं आणि लिंबाची सावली. त्या बाजूला रस्ता नाही. ही गोष्ट माणिकरावांनी माझ्या आधी हेरली.

माणिकराव घुगे माझ्या गल्लीच्या तोंडाशी राहायचे. मुलगा महारुद्र टेम्पो चालवतो, त्याच्यामागे हे नवरा-बायको जिंतूरला आले होते. उन्हाळ्यात एका दुपारी ते माझ्या दारात आले. उंच, हडकुळा माणूस, डोक्याला पांढरा रुमाल, काखेत एक गुंडाळलेलं पोतं. तोवर आमचं बोलणं म्हणजे "राम राम" आणि "उकडायलं लय" एवढंच होतं.

"कंट्रोलर," ते म्हणाले, "तुमच्या मागच्या पडवीत घडीभर बसू का?"

मी म्हटलं, "बसा की."

त्यांनी कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पडवीत जाऊन त्यांनी पोतं उलगडलं. आत शेंगदाण्याच्या टरफलाच्या रंगाचा लोकरीचा गुंडा आणि विणकामाच्या दोन सुया होत्या.

मी सुयांकडे बघत राहिलो. तेच म्हणाले, "हसा आता एकदा. मंग मला कामाला लागता येतं."

मी हसलो नाही, म्हणजे त्यांच्यासमोर हसलो नाही.

हळूहळू मला थोडं थोडं कळत गेलं. माणिकरावांचा जन्म बैलांमागे गेला होता. दिवाळी झाली की बैलगाडी जुंपून बायकोला घेऊन ते ऊस तोडायला पश्चिमेकडे जायचे आणि उन्हाळ्यात परतायचे. बैलांचं सगळं दोरकाम ते स्वतःच्या हातानं करत. दावी, कासरे, वेसणी, तोंडाला बांधायच्या मुसक्या, पोळ्याचे गोंडे, सगळं. अंबाडी भिजवायची, सोलायची आणि मांडीवर पीळ द्यायचा. उजव्या मांडीवर त्यांना एक केस उगवत नाही असं ते सांगायचे. एकदा धोतर वर करून दाखवायलाही निघाले होते, मीच नको म्हटलं. मग गुडघे गेले आणि बैल विकले. बैल गेल्यावर हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. घरातली कपडे वाळत घालायची दोरी त्यांनी इतक्या वेळा उलगडून परत वळली, की सुनेनं शेवटी नायलॉनची आणली.

सून राजेश्री बाळंतपणाआधी टोपडं विणत होती. गुंडा धरायला म्हणून हे शेजारी बसले, आणि दोन-चार दिवसांत म्हणाले, "आण इकडं, बगू." तिनं दिलं. सुलट टाका, उलट टाका, दोन्ही त्यांना लवकर आले.

त्यांच्या बायकोला, कडूबाईंना, हे पसंत नव्हतं. त्या अंगणातून आल्या आणि बघतच राहिल्या.

"सुनेपाशी बसून सुया काय हालवायलाव वो? गल्ली बघायली."

"बघू दी. डोळे हायेत त्यांला."

"लोक म्हणतील, बैलं इकली अन् म्हाताऱ्याला सुनेनं बायकांच्या कामाला लावलं. मला तोंड हाय का न्हाई गल्लीत?"

त्या दिवसापासून सुया बंद झाल्या. घर रस्त्यावर, दाराला दिवसभर माणसं. म्हणून त्यांना माझी पडवी आठवली.

पण नुसता हात चालवायला ते येत नव्हते. त्यांना एक पिशवी करायची होती, बायकांच्या हातात असते तशी पर्स, अंगावर जाड जाड वेण्या उठलेली. राजेश्रीनं फोनवर दाखवली होती. ती कडूबाईंना द्यायची होती, आणि भक्तीच्या साखरपुड्याआधी. भक्ती म्हणजे त्यांची नात, चुडाव्याला दिलेल्या थोरल्या लेकीची मुलगी. साखरपुडा पोळ्यानंतर ठरला होता.

का, ते त्यांनी मला बऱ्याच उशिरा सांगितलं, तेही सुईवरची नजर न काढता. आदल्या वर्षी नात्यात एक लग्न होतं. कडूबाईंकडे पिशवी होती बियाण्याच्या कंपनीची, पिवळी, वर सोयाबीनच्या शेंगांचं चित्र. घरातला फोटो काढताना फोटोवाला म्हणाला, "मावशी, ती पिशवी खाली ठेवा." त्यांनी ठेवली. कुणीतरी ती पायानं सरकवली. फोटो झाल्यावर माणिकरावांनी बघितलं, तर कडूबाई मंडपाच्या दारात चपलांच्या ढिगात वाकून पिशवी शोधत होत्या.

"काई बोलली न्हाई ती," माणिकराव म्हणाले. "पिशवी झटकली अन् काखेला मारली. मी पंगतीत बसलो, पर घास काई ग्वाड लागला न्हाई."

दुकानातली एखादी पर्स घेऊन देता आली असती. मी तसं सुचवलंही. ते म्हणाले, "बैलाला इकतचं दावं मी कधी बांधलं न्हाई." 

अडचण एकच होती. त्यांनी विणलेली पिशवी कडूबाई चारचौघांत धरतील का? माणिकरावांना वाटत होतं की कळलं तर नक्कीच धरणार नाहीत. म्हणून ठरलं ते असं: पिशवी परभणीच्या बाजारातून आणली असं सांगायचं. आणणारा मी. मी डोळे दाखवायला परभणीला जात असे, त्यामुळे ते खपण्यासारखं होतं. मी हो म्हटलं खरं, आणि त्या दिवसापासून काय बोलायचं ते मनात पाठ करू लागलो.

पहिला नमुना त्यांनी विणला तो इतका घट्ट, की राजेश्री बघायला आली तेव्हा तिला त्यात सुईचं टोकही घालता येईना. तिनं तो तुकडा पलंगावर ठेवला, तर तो पाटीसारखा उभा राहिला.

"मामा, हे काय केलंव? लोकर हाय, अंबाडी न्हाई. एवढं आवळायचं नसतंय."

"ढिल्लं ठिवलं तर तुटतंय."

"काय बांधायचंय तिला? पर्स हाय ती. मुसकी झाली की ही!"

ते त्यांनी मान्य केलं. सगळं उसवलं आणि पुढचे काही दिवस ढिलं विणायचा सराव केला. ढिलं सोडणं त्यांना घट्ट ओढण्यापेक्षा जड गेलं. दोरा बोटावरून सैल गेला की त्यांचा खांदा आपोआप आखडायचा.

मग आला तक्ता. राजेश्रीनं फोनवरून छापून आणलेला कागद, चौकोनी वहीच्या पानासारखा, बारीक घरांचा. रिकामं घर म्हणजे सुलट, ठिपका असलेलं घर म्हणजे उलट, आणि चार-चार घरांवर पसरलेल्या तिरप्या रेघा म्हणजे वेणीचा पीळ. ती समजावून घाईघाईत गेली, बाळ रडत होतं. माणिकरावांना ती घरं दिसेनात. मी भिंग आणलं.

"तुमी वाचा, मी इणतो," ते म्हणाले. "तुमाला वेळापत्रकाची सवय हाय."

मी वाचू लागलो. वेळापत्रक जसं वाचतात तसं, वरच्या ओळीपासून, डावीकडून उजवीकडे. दोन सुलट, एक उलट, चारचा पीळ. आवाज मोकळा लागत होता, कारण समोर कागद होता. माणिकराव मध्येच म्हणायचे, "कंट्रोलर, गाडी जरा सावकाश सोडा."

पहिल्याच ओळीत त्यांच्या सुईवर टाके उरले आणि माझी घरं संपली.

"आता?"

मी विचार करून म्हटलं, "छापताना कडेची घरं कापली गेली असतील."

"मंग उरलेल्याचं काय करू?"

"उलट घाला."

त्यांनी घातले. असं आम्ही वीतभर विणलं. मला त्यात फार समाधान वाटत होतं, हे लिहिताना संकोच वाटतो. राजेश्री आली, तिनं तुकडा हातात घेतला, कागद बघितला, पुन्हा तुकडा बघितला आणि पदर तोंडाला लावून पलंगावर बसली.

"काका, तुमी कुठून वाचलं?"

मी बोट ठेवून दाखवलं.

"अवो, हे खालून वर वाचायचं असतंय. अन् उजवीकडून डावीकडं. वर पिशवीचं तोंड हाय, तिथं निमुळती होती, मनून घरं कमी हायेत. तुमी पिशवी डोक्यावर उभी केली!"

माणिकराव मोठ्यानं हसले. मीही हसलो, कारण त्यांनी माझ्याकडे बघून हसायचं टाळलं होतं. मग राजेश्रीनं पुढचं सांगितलं. पहिली ओळ उजवीकडून डावीकडे. विणकाम फिरवलं की दुसरी ओळ डावीकडून उजवीकडे, आणि फिरवल्यामुळे आपल्याला मागची बाजू दिसते, म्हणून कागदावर सुलट असेल तिथं उलट घालायचा आणि उलट असेल तिथं सुलट. मला ते काही केल्या डोक्यात शिरेना. मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली.

माणिकराव मात्र कागदाकडे नव्या नजरेनं बघत होते. त्यांनी कागद आपल्याकडे ओढला.

"असं सांग की मंग. हे रान हाय. आपण हितं खालच्या बांधावर उभे. औताचं पयलं तास तिकडं जायाचं, दुसरं तास माघारी यायचं. वरून कोण औत घालायलंय? आभाळातून उतरून?"

"अन् सुलटचं उलट, मामा?"

"जाताना बांध डाव्या अंगाला. माघारी फिरलं की उजव्या अंगाला. बांध तितंच असतो, फिरतो तो औतवाला."

राजेश्री म्हणाली, "मी आता सगळ्या बायांला असंच शिकविते." आणि खरंच, पुढे तिच्या बचत गटातल्या बायका टाक्यांच्या ओळीला तासच म्हणू लागल्या.

त्यानंतर माझं वाचण्याचं काम बदललं. मी ओळीखाली पट्टी धरायचो आणि ओळ संपली की पट्टी वर सरकवायचो. भिंग ते स्वतः धरू लागले. काही दिवसांनी पट्टीही लागेनाशी झाली. मी नुसता बसायचो. चहा करायचो. तसे आम्ही फार बोलत नसू. एकदा ते म्हणाले, "तुमच्याकडं बसलं की बरं वाटतंय. तुमी इच्यारत न्हाई." मला विचारायचं खूप असायचं. नुसतं धाडस होत नव्हतं.

वेणीचा पीळ घालायला तिसरी छोटी सुई लागते. दोन टाके त्या सुईवर काढून बाजूला धरायचे, पुढचे दोन आधी विणायचे, मग धरलेले विणायचे. धरलेली सुई पुढं ठेवली तर वेणी डावीकडे वळते, मागं ठेवली तर उजवीकडे. माणिकरावांनी सुईऐवजी बांबूची काडी तासून घेतली होती.

तक्त्यात पिशवीच्या अंगावर दोन वेण्या होत्या, आणि दोन्ही एकाच बाजूला, उजवीकडे वळलेल्या. माणिकरावांची उजवी वेणी उजवीकडे वळायची आणि डावी डावीकडे. पहिल्यांदा झालं तेव्हा त्यांनी उसवलं. पुन्हा विणलं, पुन्हा तेच. काडी डाव्या वेणीशी आली की हात आपोआप ती पुढं घ्यायचा.

"कागदावर रेघ उजवीकडं हाय," मी हळूच म्हटलं.

"दिसायली मला रेघ. हाताला दिसंना."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या घरात जोडीच्या दाव्यांना पीळ वेगवेगळा असायचा. डाव्या बैलाच्या दाव्याला डावा पीळ, उजव्याच्या दाव्याला उजवा. बैलाच्या जुवाखालच्या जागा ठरलेल्या असतात. ऊसतोडीत पहाटे अंधारातच गाडी जुंपावी लागते, तेव्हा दाव्यावरून अंगठा फिरवला की कळतं कुणाचं कोणतं. वडिलांनी शिकवलं, तसं हे करत आले. दुसऱ्या कुणाच्या गोठ्यात अशी दावी त्यांनी पाहिली नव्हती.

"बाकीच्यांला कंदील लागायचा," एवढंच ते म्हणाले.

राजेश्रीनं तोंडं फिरवलेल्या दोन वेण्या बघितल्या आणि म्हणाली, "राहू द्या मामा. एकमेकीकडं पाठ करून बसल्यावानी दिसायल्यात, पर चांगलं दिसतंय." शिवाय पोळा तोंडावर आला होता. त्यांनी तसंच पुढे नेलं. पिशवीची पुढची आणि मागची बाजू जोडून शिवली, आत राजेश्रीनं जुन्या पोलक्याचं निळं अस्तर लावलं, आणि धरायला पट्टा माणिकरावांनी तीन पेडांचा वळला. पिशवी माझ्या पलंगावर उभी राहिली. मला ती फार आवडली. मी फक्त "झाली" म्हटलं.

आता माझी पाळी होती. मी खरोखरच परभणीला डोळे दाखवायला गेलो, म्हणजे निदान तेवढं तरी खोटं नको. दुसऱ्या दिवशी माणिकराव कडूबाईंना घेऊन माझ्याकडे आले. कडूबाई ठेंगण्या, कपाळावर मोठं कुंकू, आवाज खणखणीत. त्या ओसरीत बसल्या आणि मी वर्तमानपत्रात गुंडाळलेली पिशवी पुढे केली.

"वहिनी, परभणीला गेलो होतो. माणिकराव म्हणाले होते आणायला."

"अगं बया, मला?" त्यांनी कागद काढला. त्यांना ती आवडली हे दिसत होतं. त्या आतलं अस्तर बघत होत्या, पट्टा ओढून बघत होत्या. "चांगली हाय की. कुण्या दुकानातून घेतली, भाऊ?"

हा प्रश्न मी पाठ केलेला नव्हता.

"ते... आपलं... स्टेशनच्या बाजूला."

"स्टेशनच्या बाजूला कापडाची दुकानं झाली का आता? पयलं तर निस्ती हाटेलं व्हती."

"एक झालंय. नवीन."

माणिकराव छताकडे बघत होते. कडूबाई भक्तीच्या साडीविषयी बोलू लागल्या. साखरपुड्याला कोण कोण येणार, किती गाड्या लागतील. बोलता बोलता पिशवी मांडीवर होती आणि अंगठा डाव्या वेणीवरून वर-खाली फिरत होता. मग उजव्या वेणीवर गेला. त्या बोलायच्या थांबल्या. अंगठा पुन्हा डावीवर, पुन्हा उजवीवर.



"भाऊ," त्या मला म्हणाल्या, "त्या दुकानदाराकडं बैलं हाईत का वो?"

मी माणिकरावांकडे बघितलं. मला भोंगा हवा होता.

"मी काय इच्यारायले? बैलं हाईत का? डावं-उजवं दावं वळतो का त्यो?"

"कडू, ऐक तर..." माणिकराव म्हणाले.

"तुमी गप बसा. मी भाऊला इच्यारायले." मग त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "दुपारभर बसायला जातो म्हणं! मला वाटलं पत्ते कुटायलेत. ह्या गरीब माणसाला लबाड बोलाया लावलं, त्याचा घाम बगा." खरोखरच मला घाम फुटला होता. "उद्या चुडाव्याला कुणी इच्यारलं तर काय सांगू मी? मालक सुया घिऊन बसतेत?"

माणिकराव म्हणाले, "परभणीची सांग."

"माझ्या अंगठ्याला कळलं, बायनाबाईच्या डोळ्याला कळायचं न्हाई?" बायनाबाई म्हणजे माणिकरावांची धाकटी बहीण. तिच्या जिभेला सगळं गणगोत भीत असे.

कडूबाईंनी पिशवी उचलली, पदराखाली घेतली आणि तरातरा निघून गेल्या. माणिकराव बसून राहिले.

"नेली तर हाय," ते म्हणाले.

"हो."

"पर पदराखाली नेली."

साखरपुड्याचं निमंत्रण मलाही आलं. मी अशा ठिकाणी जात नाही. पण न जाण्याचं कारण माणिकरावांना सांगायचं म्हणजे आणखी बोलावं लागलं असतं, म्हणून गेलो. पहाटेच्या गाडीनं जिंतूरहून परभणी आणि तिथून रेल्वेनं चुडावा. राजेश्रीच्या कडेवर बाळ होतं. कडूबाईंच्या खांद्याला तीच पिवळी, शेंगांच्या चित्राची पिशवी होती, भरून फुगलेली. माणिकरावांनी ती एकदा बघितली आणि मग सगळा प्रवास खिडकीबाहेर बघत केला. पूर्णेला गाडी थांबली तेव्हा मी विचारलं, "चहा घ्यायचा का?" ते म्हणाले, "नको." त्यांनी चहाला नको म्हटलेलं मी तेव्हा प्रथमच ऐकलं.

लेकीच्या दारासमोर मांडव होता. पाहुणे आले, मुलीला साडी-ओटी झाली, अंगठ्या झाल्या. माणिकराव आणि मी मागच्या खुर्च्यांवर होतो. मग फोटोवाल्यानं मुलीच्या आजी-आजोबांना हाक मारली. माणिकराव रुमाल सारखा करत पुढे गेले. कडूबाई त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, खांद्याला पिवळी पिशवी.

फोटोवाला म्हणाला, "आजी, पिशवी..."

"दमा वो जरा," कडूबाई म्हणाल्या. त्या वाकल्या, पिवळ्या पिशवीत हात घातला, आणि शेंगदाण्याच्या टरफलाच्या रंगाची पिशवी बाहेर काढली. पिवळी त्यांनी स्वतःच खुर्चीखाली नीट घडी करून ठेवली. मग वेण्या समोर येतील अशी ती नवी पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली. "आता काढा."

फोटो निघाला. माणिकराव त्यात कसे आलेत ते मी नंतर बघितलं आहे. कॅमेऱ्याकडे न बघता ते खाली पिशवीकडे बघत आहेत.

बायनाबाई टपूनच होत्या. "वैनी, झकास हाय की वो पर्स! कुठली?"

"घरची."

"सुनंनं इणली?"

राजेश्री बाळाला घेऊन शेजारीच होती. तिनं सासूकडे बघितलं. आजूबाजूच्या बायका बघत होत्या. 

"न्हाई," कडूबाई म्हणाल्या. "ह्यांनी."

"कुण्या ह्यांनी?"

"मला किती ह्ये हाईत? तुमच्या भावानं."

मांडवात हशा उसळला. बायनाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "दादा! आता सैपाक बी तूच करतूस का? धुणं-भांडी?"

माणिकरावांनी तोंड उघडलं, पण कडूबाईंनी त्यांना बोलू दिलं नाही. "वन्सं, तुमच्या मालकाला सोताच्या धोतराची गाठ सुटली तर बांधायला माणूस लागतंय. माझ्या मालकानं डावा-उजवा पीळ काढलाय, बगा हात लावून. हितं. न्हाई, हितं. कळलं का?"

बायनाबाईंनी हात लावला. त्याही त्याच घरातल्या, वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, हातची दावी बघत वाढलेल्या. त्यांचा अंगठा वेणीवर थांबला आणि चेहरा जरा बदलला. "आबांच्या हातचं असायचं तसं हाय की रे, दादा," त्या हळू म्हणाल्या. मग लगेच त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "मला बी एक पाहिजे. तांबडी."

जेवताना माणिकरावांनी दोनदा बुंदी मागून घेतली.

त्यानंतर ते माझ्या पडवीत आले नाहीत. यायचं कारणच उरलं नव्हतं. ते आपल्या घराच्या ओट्यावर, भर रस्त्याला तोंड करून, तांबडी लोकर घेऊन बसू लागले. येणारे-जाणारे थट्टा करायचे. "आजोबा, आमच्या म्हशीला स्वेटर!" म्हणायचे. "माप घिऊन ये," असं ते म्हणायचे. कडूबाई शेजारी बसून शेंगा फोडत. बायनाबाईंची झाली, मग गल्लीतल्या दोघी-तिघींच्या झाल्या. सगळ्यांचा पीळ डावा-उजवाच. दुपारी मी पडवीत बसायचो. पलंगावर जागा बरीच वाटायची. त्यांना बोलवावं असं खूपदा मनात आलं, पण बोलवून सांगणार काय?

भेट व्हायची ती रस्त्यातच. शेवटची झाली ती थंडीच्या सुरुवातीला, मी पिठाचा डबा घेऊन निघालो होतो तेव्हा. ते ओट्यावर टाके मोजत होते. संपेपर्यंत एक बोट वर धरून त्यांनी मला थांबवलं.

"कुणीकडं, कंट्रोलर?"

"गिरणीवर."

"गर्दी हाय म्हणं तितं. लाइट आत्ताच आलीय."

"मग जरा वेळानं जाऊ का?"

"जावा हळूहळू. तवर व्हईल कमी."

"बरं," मी म्हटलं. "जातो."